संपूर्ण संकेतस्थळाचा एकगठ्ठा अनुवाद: प्लगइनच्या निवडीपासून तपासणीपर्यंत

नागपुरातल्या व्यवसायाचे एका भाषेत भागत नाही, हे इतवारीतल्या कोणत्याही दुकानात थोडा वेळ उभे राहिले तरी कळते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, सीमेपलीकडच्या छिंदवाडा आणि पांढुर्णा जिल्ह्यांतली माणसे आजही खरेदीला इकडेच येतात, आणि समोरचे गिऱ्हाईक मराठीत सुरुवात करून हिंदीत व्यवहार संपवते. अशा ठिकाणी केवळ मराठीत असलेल्या संकेतस्थळाला इतर भाषा जोडण्याची गरज लवकरच भासते. प्लगइनच्या, म्हणजे संकेतस्थळाला नवी सोय जोडणाऱ्या लहान प्रोग्रामच्या, जाहिरातींत हे काम एका बटणाचे असल्याचे सांगितलेले असते. तसे बटण खरोखर असते आणि ते कामही करते. परंतु ते दाबण्यापूर्वी घेतलेल्या चार-दोन निर्णयांवर आणि दाबल्यानंतर केलेल्या तपासणीवर सारे काही अवलंबून असते. पुढील विवेचनात उदाहरण म्हणून संत्र्याची कलमे आणि फळे विकणाऱ्या एका काल्पनिक रोपवाटिकेचे वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवरचे ६० पानांचे संकेतस्थळ धरले आहे.

भाषा किती आणि कोणत्या

प्लगइनच्या यादीत शंभराहून अधिक भाषा दिसतात, आणि त्या दिसल्या की मोह होतो. माझ्या मते येथे एकच कसोटी लावावी: ज्या भाषेत आलेला फोन आपल्याकडे कोणी उचलू शकत नाही, ती भाषा संकेतस्थळावर आणू नये. तेलुगूत पान वाचून तेलुगूत चौकशी करणाऱ्याला जर हिंदीतच उत्तर मिळणार असेल, तर त्याला हिंदी पान दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते.

आपल्या रोपवाटिकेसाठी हिंदी अनिवार्य आहे, कारण छिंदवाडा-पांढुर्ण्याप्रमाणेच राजस्थानातील झालावाड हाही संत्र्याचा मोठा पट्टा आहे. इंग्रजी निर्यातदारांसाठी हवी. नागपुरी संत्र्याचा बांगलादेश हा जुना आणि मोठा ग्राहक असल्याने फळव्यापाराच्या पानांसाठी बंगालीचाही विचार करता येईल. मात्र वर्डप्रेसमध्ये भारताची बंगाली आणि बांगलादेशाची बंगाली अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत, त्यांतील योग्य ती सुरुवातीलाच निवडावी, कारण पाने तयार झाल्यावर नोंद बदलणे कटकटीचे होते.

प्लगइन निवडताना पाहायची गोष्ट

वैशिष्ट्यांचे लांबलचक तक्ते वाचण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: अनुवादित मजकूर नेमका कोठे साठवला जातो? या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रचलित प्लगइनांचे तीन प्रकार पडतात.

डब्ल्यूपीएमएल आणि पॉलीलँग ही प्लगइन प्रत्येक भाषेसाठी वर्डप्रेसमध्ये स्वतंत्र पान तयार करतात. ६० पानांच्या तीन अनुवादांची १८० नवी पाने आपल्याच डेटाबेसमध्ये येतात, आणि प्रत्येक पान स्वतंत्रपणे उघडून दुरुस्त करता येते. डब्ल्यूपीएमएलमध्ये सर्व मजकूर आपोआप अनुवादित करण्याची सोय आहे आणि तिचा खर्च क्रेडिटच्या रूपाने मोजला जातो. पॉलीलँगच्या मोफत आवृत्तीत यंत्रानुवाद मिळत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे भाषांतर करणारी माणसे आहेत त्यांच्यासाठीच ती सोयीची आहे.

ट्रान्सलेटप्रेस वेगळ्या पद्धतीने चालते. ते नवी पाने तयार करत नाही. मूळ पानातले प्रत्येक वाक्य आणि त्याचा अनुवाद अशा जोड्या आपल्याच डेटाबेसमधील वेगळ्या तक्त्यांत ठेवते. मेनूतले किंवा तळपट्टीतले वाक्य साठही पानांवर आले तरी त्याचा अनुवाद एकदाच होतो, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. मोफत आवृत्तीत मात्र मूळ भाषेशिवाय एकच भाषा जोडता येते.

वेग्लॉटसारख्या सेवा अनुवाद स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतात. जोडणी सर्वांत सोपी आणि निकाल जवळजवळ तत्काळ, पण शुल्क शब्दसंख्येला भाषांच्या संख्येने गुणून ठरते, आणि वर्गणी थांबली की अनुवादित पाने संकेतस्थळावरून दिसेनाशी होतात. दर वर्षी परकीय चलनात बिल भरण्याची तयारी नसेल, तर छोट्या व्यवसायाने या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते. कोणतेही प्लगइन निवडले तरी दोन बहुभाषिक प्लगइन एकाच वेळी सक्रिय ठेवू नयेत. पानांच्या वेबपत्त्यांची घडी दोघेही आपापल्या परीने बदलू पाहतात आणि पाने सापडेनाशी होतात.

बटण दाबण्यापूर्वी

संपूर्ण संकेतस्थळाचा बॅकअप घ्यावा, आणि शक्य असल्यास चाचणीसाठी त्याची वेगळी प्रत उभारून सारे काम आधी तिच्यावर करावे. त्यानंतर मूळ मराठी मजकूर एकदा वाचून काढावा. यंत्राला अर्धवट वाक्ये, लांबलेली स्वल्पविरामांची माळ आणि कर्ता गाळलेली विधाने नीट कळत नाहीत. मूळ पानावर केलेली एक दुरुस्ती तिन्ही भाषांतल्या तीन दुरुस्त्या वाचवते. चित्रांत कोरलेला मजकूर, म्हणजे दरपत्रकाचे छायाचित्र किंवा सणाच्या सवलतीचे पोस्टर, कोणतेही नेहमीचे अनुवाद प्लगइन वाचत नाही, त्यामुळे तो पानावर अक्षरांत उतरवून घ्यावा.

सर्वांत अधिक वेळ शब्दसूचीला द्यावा. प्लगइनमध्ये तिला ग्लॉसरी म्हणतात, आणि एखाद्या शब्दाचे भाषांतर काय करावे अथवा करूच नये, हे तीत नोंदवता येते. रोपवाटिकेच्या भाषेत नेहमीच्या शब्दांना वेगळेच अर्थ असतात. ‘कलम’ म्हणजे येथे लेखणीही नव्हे आणि कायद्याचे कलमही नव्हे, ‘खुंट’ म्हणजे ज्यावर कलम बांधायचे ते जंबेरीचे रोप, आणि ‘डोळा भरणे’ ही कलम बांधण्याची क्रिया. ‘आंबिया बहार’ आणि ‘मृग बहार’ हे झाडाला फुले येण्याचे दोन हंगाम; त्यांतला बहार वसंत ऋतू समजला गेला तर फळ कधी मिळणार याचाच घोळ होतो. ‘डिंक्या’ आणि ‘कोळशी’ या रोगांचीही तीच गत. असे तीस-चाळीस शब्द, त्यांचे हिंदी व इंग्रजी पर्याय यांसह, आधीच भरून ठेवावेत. पर्याय मनाने ठरवू नयेत. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच आहे, तिच्या प्रकाशनांतून रूढ संज्ञा मिळू शकतात. व्यवसायाचे नाव, वाणांची नावे, गावांची नावे आणि औषधांची व्यापारी नावे ‘अनुवाद करू नये’ या वर्गात टाकावीत.

पत्त्यांची रचनाही याच टप्प्यावर ठरते. मूळ मराठी पाने आहेत त्याच पत्त्यांवर राहू द्यावीत आणि प्रत्येक नव्या भाषेला मुख्य पत्त्यानंतर तिरप्या रेघेने तिचा संक्षिप्त संकेत जोडावा; छोट्या संकेतस्थळाला ही पद्धत पुरेशी असते. पानाच्या नावाचा भाग, म्हणजे स्लग, देवनागरीत ठेवण्याचा आग्रह मात्र सोडावा. वर्डप्रेस स्लगसाठी २०० चिन्हांची जागा देते, आणि साठवताना देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचे, तसेच प्रत्येक मात्रेचे आणि अनुस्वाराचे, नऊ चिन्हांत रूपांतर होते. ‘संत्रा कलमांची लागवड आणि काळजी’ या साध्या शीर्षकातल्या पहिल्या चार शब्दांतच १९२ चिन्हे खर्ची पडतात, आणि ‘काळजी’ पत्त्यातून गळून जाते. रोमन लिपीतील तीन-चार शब्दांचा स्लग सर्व भाषांना ठेवला की हा प्रश्न उद्भवत नाही.

खर्चाचा अंदाज आणि पहिली फेरी

ट्रान्सलेटप्रेसला गुगलच्या क्लाउड अनुवाद सेवेची स्वतःची कळ, म्हणजे आपल्या खात्याची ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर, जोडता येते. ही सेवा दरमहा पहिले ५,००,००० वर्ण मोफत अनुवादित करते आणि त्यापुढे दर १० लाख वर्णांना २० डॉलर आकारते. वर्ण मोजताना मात्रा, अनुस्वार आणि मोकळी जागाही धरली जाते. ‘संत्रा’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटला तरी हिशेबात सहा वर्णांचा भरतो. सरासरी ३,००० वर्णांची ६० पाने तीन भाषांत नेली, तर एकूण ५,४०,००० वर्ण होतात, म्हणजे मोफत मर्यादेपलीकडचा खर्च एका डॉलरपेक्षाही कमी येतो. तरीही कळ जोडताना खर्चाची मर्यादा घालून ठेवावी, आणि प्लगइनमधील दैनंदिन वर्णमर्यादा व शोधयंत्रांच्या भेटींमुळे अनुवाद सुरू होऊ न देण्याची सोय तपासावी. कारण ट्रान्सलेटप्रेसमध्ये एखादे पान त्या भाषेत प्रथमच उघडले जाते तेव्हा त्याचा अनुवाद होतो, मग ते उघडणारा माणूस असो वा यंत्र. याचाच दुसरा अर्थ असा की या प्लगइनमध्ये एकगठ्ठा अनुवाद करायचा म्हणजे प्रत्येक पान प्रत्येक भाषेत एकदा उघडून पाहावे लागते.

डब्ल्यूपीएमएलमध्ये अनुवाद व्यवस्थापनाच्या पडद्यावर पानांची यादी येते. हवी ती पाने निवडून भाषा ठरवायच्या आणि काम पाठवायचे. तेथे यंत्रानुवादाचे काय करावे असे विचारले जाते: थेट प्रकाशित करावा, प्रकाशित करून नंतर तपासणीसाठी खूण करावी, की तपासणी होईपर्यंत रोखून ठेवावा. तिसराच पर्याय निवडावा. मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या धोरणात, वाचकाला काही मोल न देता यांत्रिक पद्धतीने मोठ्या प्रमाणावर तयार केलेली पाने गैरवापर म्हणून गणली जातील, असे स्पष्ट केले, आणि यंत्राने अनुवादित केलेली पानेही त्यात येऊ शकतात. शोधातले स्थान जाण्याची ही भीती बाजूला ठेवली, तरी न वाचलेला मजकूर आपल्या नावावर छापणे कोणत्याही भाषेत बरे नव्हे.

पहिल्या फेरीत साठही पाने पाठवू नयेत. मुखपृष्ठ, एक विक्रीचे पान, एक माहितीपर लेख आणि संपर्काचे पान एवढीच चार पाने फक्त हिंदीत न्यावीत. शब्दसूचीतल्या उणिवा, सुटलेली बटणे आणि मोडलेली मांडणी या चार पानांवरच उघडी पडतात. त्या दुरुस्त केल्यावर उरलेली पाने आणि उरलेल्या भाषा एकदम पाठवायला हरकत नाही.

तपासणी कोठे काटेकोर हवी

सर्व पाने सारख्याच बारकाईने वाचणे शक्य नसते, म्हणून चूक झाल्यास नुकसान करणारी पाने आधी वाचावीत. उदाहरणार्थ, एक टक्का बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. हिंदी पानावर मोरचूदाचे नीला थोथा झाले आहे ना, तीनही आकडे आणि त्यांची परिमाणे जागच्या जागी आहेत ना, हे शेतीची हिंदी जाणणाऱ्या माणसाने पाहिलेच पाहिजे. परतावा, हमी आणि वाहतुकीच्या अटींचे पानही याच वर्गातले. पंधरा वर्षांपूर्वी रोपवाटिका कशी सुरू झाली या पानावर एखादे वाक्य अवघडलेले राहिले तर बिघडत नाही.

फॉर्म स्वतंत्रपणे भरून पाहावेत, कारण पानाचा अनुवाद झाला तरी चूक दाखवणारे संदेश आणि पोचपावतीचा ईमेल बहुधा मूळ भाषेतच राहतात. ज्या वाक्यांत नाव किंवा संख्या आपोआप भरली जाते, त्यांत टक्क्याचे चिन्ह आणि त्याला चिकटलेले अक्षर असते. यंत्राने ते हलवले वा बदलले तर ग्राहकाच्या नावाऐवजी तेच चिन्ह छापले जाते. थीम (संकेतस्थळाच्या मांडणीचा साचा) आणि प्लगइन यांचे असे सुटे मजकूर लोको ट्रान्सलेट या प्लगइनने दुरुस्त करता येतात.

मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच असल्याने एक चूक डोळ्यांतून सुटते. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा नोंदलेली असते, आणि ज्या फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी रूपे वेगळी दिलेली आहेत तो फॉन्ट त्या नोंदीवरूनच कोणते रूप दाखवायचे ते ठरवतो. पडद्यावाचक सॉफ्टवेअरही उच्चारासाठी तीच नोंद पाहते. मराठी पान हिंदी म्हणून नोंदले गेले तर वाचता येते, पण परके वाटते. याच जोडीला एचरेफलँग या खुणा तपासाव्यात: प्रत्येक भाषेतील पानाने स्वतःचा आणि इतर सर्व भाषांतील जोडीदार पानांचा पत्ता सांगायला हवा, आणि त्या पानांनीही उलट तसेच सांगायला हवे; एकतर्फी खूण शोधयंत्र विचारात घेत नाही.

भाषा बदलण्याच्या बटणावर झेंडे लावू नयेत. मराठी आणि हिंदीला कोणते दोन झेंडे लावणार, हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप मिळते; मराठी, हिन्दी, English, বাংলা असे प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत, अक्षरांत द्यावे. ब्राउझरची भाषा पाहून वाचकाला आपोआप दुसऱ्या पानावर ढकलण्याची सोयही बंद ठेवावी, कारण नागपुरातल्या कित्येक मराठी वाचकांचे फोन इंग्रजीत असतात.

संकेतस्थळ सुरू झाल्यावर मूळ मराठी पानात बदल झाला की बाकीच्या भाषांतली पाने शिळी होतात. डब्ल्यूपीएमएल अशा पानांवर अद्ययावत करण्याची खूण दाखवते. ट्रान्सलेटप्रेसमध्ये बदललेले वाक्य नवे समजून पुन्हा यंत्राकडे जाते आणि हाताने केलेली जुनी दुरुस्ती त्याला लागू होत नाही. म्हणून वारंवार बदलणारे आकडे, जसे की कलमांचे दर किंवा नागपूरच्या कळमना बाजारातले भाव, वाक्यांत गुंफू नयेत. त्यांचा एक वेगळा तक्ता करावा, तो अनुवादातून वगळावा आणि सर्व भाषांतील पानांवर तोच दाखवावा. दर बदलला की एकाच जागी बदलावा, आणि त्यानंतर कॅशे, म्हणजे पानांची साठवून ठेवलेली जुनी प्रत, रिकामी करण्यास विसरू नये.