वर्गात कादंबरी घेताय? मग मार्क देताना या चुका टाळा

कारभाऱ्याच्या मुलीचं नाव काय? अंजी. एक मार्क. मास्तरांचं आडनाव काय? सौंदणीकर. एक मार्क. तालमीच्या उद्घाटनाला कोण आलं? राजेसाहेब. अजून एक मार्क.

नववीला पूरक वाचन म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (मेंढपाळांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरांची कादंबरी; कारभारी म्हणजे वाडीचा प्रमुख) पहिल्यांदा घेतली तेव्हा माझी टेस्ट ही अशी होती, वीसच्या वीस मार्कांचे प्रश्न याच धर्तीचे. वर्गात सगळ्यात जास्त मार्क ज्या मुलीला पडले तिने पुस्तक उघडलंच नव्हतं. मैत्रिणीकडून रिसेसमध्ये गोष्ट ऐकली आणि आदल्या रात्री मोबाईलवर सारांश वाचला, बास. हे तिनेच मला वर्ष संपल्यावर सांगितलं, हसत हसत. तर सगळ्यात मोठी चूक हीच, आपण आठवण तपासतो आणि समजतो की वाचन तपासलं. आणि ही चूक पकडली जात नाही कारण मार्क मस्त दिसतात, पालक खुश, मुख्याध्यापक खुश.

मग करायचं काय, तर पुस्तक समोर उघडं ठेवून टेस्ट घ्यायची. घाबरू नका, ज्याने वाचलंच नाही त्याला उघड्या पुस्तकात पण काही सापडत नाही. मी आता एकच प्रसंग देते, उदाहरणार्थ शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपून घेते तो, आणि विचारते की यावरून या वाडीबद्दल तुम्हाला काय कळलं, आणि कुठल्या वाक्यावरून कळलं ते पान नंबर टाकून लिहा. अर्धा वर्ग लिहितो 'गाव गरीब होतं'. ठीक आहे, चूक नाही, पण हे पुस्तक न वाचता पण लिहिता येतं. एका मुलाने उलट मलाच प्रश्न लिहिला होता, 'गावात एवढी घरं, मग एकाने पण बैल का नाही दिला?' बाकी काही नव्हतं, उत्तर म्हणावं असं तर नव्हतंच. त्याला मी सगळ्यात जास्त मार्क दिले आणि त्यावरून स्टाफरूममध्ये वाद पण झाला.

'मुलं वाचतच नाहीत'

ही तक्रार असेल तर आधी प्रती मोजा. हसू नका, खरंच मोजा. पंचावन्न मुलं आणि लायब्ररीत सहा पुस्तकं असतील तर न वाचल्याचे मार्क तुम्ही कोणाचे कापताय? आमच्याकडे मग रोज पंधरा मिनिटं मी मोठ्याने वाचायचे, प्रती बाकांवर फिरायच्या, आणि टेस्ट फक्त वर्गात वाचून झालेल्या भागावरच. घरी वाचून आणा म्हणजे कोणाच्या घरी, हा पण प्रश्न असतोच.

दुसरं म्हणजे शब्द. शहरातल्या मुलांना तालीम म्हटलं की नाटकाची तालीम आठवते. माझ्या वर्गातल्या एकीने अख्खं पान लिहिलं होतं की मास्तर गावात नाटक बसवतात आणि त्यासाठी सगळे मिळून हॉल बांधतात! आता ही वाचनात कमी पडली का? नाही, तिने नीट वाचलं, तर्क पण बरोबर लावला, फक्त कुस्तीची तालीम तिने आयुष्यात पाहिली नव्हती. रामोशी, चावडी, कारभारी, हे सगळं माणदेशातलं, १९५५ चं पुस्तक आहे, आधी सांगायला पाहिजे होतं आणि ते सांगायचं काम माझं होतं. एकाच जागी बरीच मुलं चुकली तर तो प्रश्न मार्कांतून काढून टाका आणि तो भाग परत शिकवा. मुलांचं उत्तर चुकलं की आधी शोधा की चुकलं कुठे: शब्दात, प्रसंगात का अर्थ लावण्यात. तिघांवर औषध वेगळं आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता, आईवडील आटपाडीकडून कामासाठी आलेले, घरी अजून गावाकडे मेंढरं. पेपरात त्याला २० पैकी ६. आणि वर्गात मी वाचत असताना हाच मुलगा मधेच बोलायचा की बाई असं नसतं, पाऊस नाही पडला की माणूस आधी जनावराचं बघतो, मग स्वतःचं. शेवटी दुष्काळात अख्खी वाडी उठून जाते ना, बाकीच्यांना तो शेवट 'सॅड' वाटला, हा म्हणाला, 'सॅड काय त्यात, जगायला गेले ते.' पुस्तक इतकं कळलेला दुसरा कोणी वर्गात नव्हता आणि माझ्या वहीत त्याच्यापुढे ६ लिहिलेलं. मी शुद्धलेखन तपासत होते आणि त्याला कादंबरीचे मार्क म्हणत होते.

शुद्धलेखन तपासा, जरूर तपासा, पण वेगळ्या कॉलममध्ये. आणि निदान एक तरी मूल्यमापन तोंडी घ्या. पाच मिनिटं एकेकाला बसवून बोलायचं, एका प्रसंगावर, मी दिवसाला चार मुलं घेते, पंचावन्न मुलं तीन आठवड्यांत होतात. तोंडीचे मार्क म्हणजे खिरापत असं आपल्याकडे समजतात आणि त्याला कारण पण आहे. दहावीला भाषांचे अंतर्गत, म्हणजे तोंडी वगैरे घेऊन शाळेनेच द्यायचे, २० मार्क काढले त्या वर्षी, म्हणजे २०१९ ला, निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि परत दिले तेव्हा २०२० ला ९५.३० (भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द झाला होता, हे पण आहेच). पण दोष तोंडी परीक्षेचा नाही, न ऐकता मार्क भरण्याचा आहे.

ग्रुप डिस्कशनला सगळ्यांना सारखे मार्क देऊ नका, एवढंच. एकजण बोलतो, चार जण मान हलवतात. चर्चा झाल्यावर प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, 'दुसऱ्या कोणाच्या बोलण्याने माझं कुठलं मत बदललं', मग कोण झोपलं होतं ते लगेच कळतं.

चार्ट, थर्माकोलची वाडी, कव्हर डिझाईन... करा की, मजा येते. पण थर्माकोलच्या वाडीला मार्क म्हणजे बहुतेक वेळा पालकांना मार्क.

बारा कॉलमचं रुब्रिक

कुठल्यातरी ट्रेनिंगमधून मी पण असं रुब्रिक (म्हणजे मार्क देण्याच्या निकषांचा तक्ता) आणलं होतं, 'आकलन', 'उपयोजन', 'सर्जनशीलता', बारा रकाने आणि प्रत्येकाचे चार स्तर, पंचावन्न मुलांना भरायला बसले आणि विसाव्या मुलानंतर सगळ्यांना तिसरा स्तर. आता तीनच गोष्टी बघते: पुस्तकातला पुरावा दिला का, त्याचा अर्थ लावला का, स्वतःचं काही म्हणणं आहे का. आणि हे मुलांना आधीच सांगते, वर दोन नमुना उत्तरं फळ्यावर लिहून त्यांच्याकडूनच मार्क देऊन घेते. मुलं आपल्यापेक्षा कडक असतात, बघा करून.

सगळं शेवटी तपासणं

पुस्तक संपलं, मग टेस्ट, मग मार्क, मग पुढचा धडा. म्हणजे कळलं नाही हे कळेपर्यंत पुस्तक कपाटात. आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकवता शिकवताच तपासत राहणं, हा शब्द २०१० पासून आपल्या नोंदवहीत आहे, पण बहुतेक ठिकाणी ते सत्र संपताना एका रात्रीत आकारिक होतं. कादंबरीचे तीन-चार टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्याला दोन ओळी लिहून घ्या, 'आता पुढे काय होईल आणि तुला असं का वाटतं'. याला मार्क नाहीत. अंजीच्या चोळीवरून कारभारी मास्तरांवर बिथरतो तिथे मी थांबते, आणि त्या दोन ओळींतून कोणाला माणसं कळतायत आणि कोण नुसती घटना वाचतंय हे स्पष्ट दिसतं.

कमेंट लिहिताना पण एक गंमत आहे. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्राएलमधल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला होता. नुसती कमेंट मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, पण कमेंटच्या शेजारी मार्क पण दिले की तो फायदा गेला. आपल्या वर्गात पण बघा, वही हातात आली की मुलगा आधी आकडा बघतो, मग शेजाऱ्याचा आकडा, आणि वही बंद. म्हणून मी सोमवारी फक्त कमेंटवाली वही देते, कमेंट पण 'छान' किंवा 'अजून विस्तार हवा' अशी नाही, एक प्रश्न, 'हे तुला कुठल्या पानावर वाटलं?' एवढाच. गुरुवारपर्यंत उत्तर दुरुस्त करून आणायचं आणि त्यानंतरच मार्क. पहिल्या महिन्यात सगळे वैतागले, 'बाई मार्क किती ते सांगा ना', दोन पालकांचे फोन पण आले. आता वहीत मागच्या बाजूला माझ्या प्रश्नाखाली उत्तरं यायला लागलीत, कधीकधी भांडण पण.