स्वतः बनवलेल्या कॅम्पर व्हॅनचा विमा कसा उतरवावा

मालवाहू व्हॅनची राहण्या-झोपण्याजोगी कॅम्पर व्हॅन करणार असाल, तर तिच्या छताला पहिलं भोक पाडण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा. मालवाहू म्हणून विमा उतरवलेल्या गाडीत पलंग, शेगडी आणि बॅटरी बसली की कंपनीच्या लेखी ती वेगळी गाडी होते. बदल कळवला नाही, तर अपघाताशी त्या पलंगाचा काडीचा संबंध नसला तरी दावा अडकू शकतो. फोनवर सांगून भागत नाही. ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

काम चालू असतानाच्या महिन्यांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. गाडी तेव्हा धड मालवाहू नसते, धड कॅम्पर नसते. या काळात ती रस्त्यावर चालवता येईल का, आत आणून ठेवलेलं पण अजून न बसवलेलं सामान विम्यात धरलं जातं का आणि काम किती दिवसांत संपवायला हवं, हे नेमकं विचारून घ्या. खोक्यातला फ्रिज बहुधा धरला जात नाही. नोंदणीत गाडीचा प्रकार बदलावा लागत असेल, तर त्याच्या अटी आराखडा काढतानाच वाचा. पक्का बसवलेला पलंग, स्वयंपाकाची सोय, टेबल, खिडकी अशा गोष्टी मागितल्या जातात आणि त्या मागाहून घुसवणं जिकिरीचं असतं.

आता किमतीचं. साध्या पॉलिसीत गाडी पूर्ण गेली तर बाजारभाव मिळतो, म्हणजे तेवढ्याच जुन्या रिकाम्या व्हॅनचा. तुमचं लाकूडकाम, वायरिंग, इन्सुलेशन (ऊन-थंडी अडवणारा भिंतीतला थर) त्यात कुठेच नसतं. म्हणून ‘ठरलेलं मूल्य’ देणारी पॉलिसी शोधा: दाव्याच्या वेळी किती रक्कम द्यायची हे कंपनी आधीच मान्य करते. त्यासाठी पुरावा लागतो. प्रत्येक पावती ठेवाच, पण खरी किंमत फोटोंना आहे. भिंतीचं पॅनल बंद करण्याआधी आतल्या वायरी, पाइप आणि इन्सुलेशनचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पॅनल एकदा बसलं की आत काय आहे हे दाखवायला दुसरा मार्ग उरत नाही. स्वतःच्या मजुरीचे पैसे धरतात का, हेही विचारा.

वजनाकडे काणाडोळा करू नका. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, १०० अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड प्रकारची) बॅटरी सुमारे ३० किलो, १८ मिलिमीटर प्लायवूडची पूर्ण शीटही साधारण तेवढीच. पाणी, इंधन, माणसं, सामान सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. पुढच्या आणि मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीवर, पडणारं वजन वेगवेगळं मोजा. गाडीवरच्या वजनाच्या प्लेटवर (नंबरप्लेट नव्हे) दिलेल्या मर्यादेपेक्षा आकडा जास्त आला तर आधी सामान कमी करा. जास्त वजनाची गाडी अपघातात सापडली की कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं. काट्याची पावती फाइलीत लावा.

आगीच्या दाव्यात सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, आगीची सुरुवात कुठून झाली ते शोधतो आणि घरी केलेल्या कामात संशय पहिला वायरिंगवर जातो. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १६७ अँपिअर ओढतो, कार्यक्षमतेतली घट धरली तर त्याहून जास्त. फ्यूज निवडायचा तो वायरीच्या क्षमतेवरून, आणि बसवायचा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशी अगदी जवळ. तो इन्व्हर्टरपाशी बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही: पत्र्याच्या कडेला घासून आवरण फाटलं की शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतच नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे सिलिंडरचा कप्पा राहत्या जागेपासून हवाबंद असावा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं छिद्र असावं. गॅसचं काम परवानाधारकाकडून तपासून घ्या आणि त्याचं प्रमाणपत्र फाइलीत ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म विसरू नका.

पॉलिसी हातात आली की वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. हळूहळू झिरपलेलं पाणी, गंज आणि झीज बहुतेक ठिकाणी वगळलेली असते. छताच्या खिडकीभोवतीचं, फट बुजवणारं सीलंट दरवर्षी तपासायचं ते यासाठीच. गाडीत कायम राहणार असाल किंवा ती भाड्याने देणार असाल, तर सहलीसाठीची पॉलिसी चालत नाही. कपडे, लॅपटॉप, सायकल यांची मर्यादा वेगळी असते. रस्त्यात बंद पडल्यावर मिळणाऱ्या मदतीत गाडीची उंची, लांबी आणि वजन किती चालतं तेही पाहा, आणि पुढे सोलर पॅनल वाढवलं किंवा जास्तीची सीट बसवली तर त्याच दिवशी फोटोसह ईमेल करा.