रताळ्याच्या वाफ्यातील घुशीचा उपद्रव असा थांबला

वाईतील आमच्या परसबागेत वेल हिरवेगार असूनही रताळी खालून कुरतडलेली निघत आणि वाफ्याच्या कडेला भुसभुशीत मातीचा ताजा ढीग दिसे. ही घुशीची खूण. बिळांत पाणी सोडले, तोंडे दगडांनी बुजवली, तरी शेजारी नवे बीळ पडे. फार मनस्ताप झाला. विष टाळले, कारण विषबाधा झालेली घूस घुबडाच्या पोटात जाते.

अखेर वाफा रिकामा करून दीड फूट माती उपसली, तळाशी अर्धा इंच छिद्राची वेल्डेड जाळी अंथरली, जोडावर पट्ट्या सहा इंच एकमेकींवर चढवून बाइंडिंग तारेने बांधल्या, कडा उभ्या वळवून जमिनीवर फूटभर ठेवल्या आणि मगच माती भरली. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी घेऊ नये. घूस ती कुरतडते. यंदाची रताळी अखंड निघाली.