सागवानी पाट: खालच्या पट्ट्या अशा बसवा, फळी तडकणार नाही

पाट म्हणजे एक फळी आणि खाली दोन पट्ट्या. तरी घरी केलेले बरेच पाट वर्षभरात मधोमध तडकतात, नाहीतर पन्हाळीसारखे वाकतात. खापर लाकडावर फुटतं, पण चूक बहुतेक वेळा पट्ट्या चिकटवण्यात असते.

लाकूड पावसाळ्यात ओल शोषून रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. १२ इंच रुंदीची सागवानी फळी वर्षभरात २-३ मिलिमीटर हलू शकते, आंबा त्याहून जास्त. पट्टी फळीच्या रेषांना काटकोनात असते, त्यामुळे ती फळीबरोबर हलत नाही. तिला टोकापासून टोकापर्यंत फेव्हिकॉल लावला की पावसाळ्यात केलेला पाट मार्च-एप्रिलात तडकतो आणि मे महिन्यात केलेला जुलैत वाकतो.

सामान: १८ × ६ इंच मापाच्या, रंधून पाऊण इंचाहून थोड्या जाड राहणाऱ्या २ सागवानी फळ्या, ११ इंच लांब, दीड इंच रुंद, सव्वा इंच उंच अशा २ पट्ट्या, ८ नंबरचे सव्वा इंची ६ स्क्रू आणि ६ वॉशर. वखारीत फळी निवडताना पांढरट भाग असलेली घेऊ नका, कीड आधी तिथेच लागते.

दोन्ही फळ्यांच्या जोडाच्या कडा रंधून एकमेकींवर उभ्या धरा आणि उजेडाकडे बघा. फटीतून प्रकाश दिसला तर पुन्हा रंधा. क्लॅम्प कितीही आवळला तरी वाकडी कड जुळत नाही, जुळल्यासारखी वाटते आणि पुढे उकलते. सागवान तेलकट असल्यामुळे कडा थिनरने पुसून घ्या आणि ते उडून गेल्यावरच फेव्हिकॉल लावा. क्लॅम्प नसतील तर जाड प्लायवर दोन्ही बाजूंना ठोकळे ठोकून मध्ये पाचरी मारा. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने पुसू नका. तो छिद्रांत शिरतो आणि तेल लावल्यावर तिथे फिकट डाग उठतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा. जोड एक दिवस तसाच राहू द्या.

आता पट्ट्या. प्रत्येकीला ३ भोकं: एक मधोमध, दोन टोकांपासून दीड-दीड इंचावर. खालून १२ मिलिमीटरच्या बिटने अर्धा इंच खोल जा, म्हणजे स्क्रूचं डोकं वॉशरसकट आत बसेल. उरलेल्या पाऊण इंचात मधलं भोक साडेचार मिलिमीटरचं गोल ठेवा. बाजूची दोन मात्र पट्टीच्या लांबीच्या दिशेने ८ मिलिमीटरपर्यंत लांबवा, म्हणजे फळी फुगली-आकसली तरी स्क्रू त्यात सरकतील. शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधलं लाकूड कानसीने काढलं की झालं. फळीतलं भोक ३ मिलिमीटरचं, खोली जेमतेम अर्धा इंच. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खूण करा, नाहीतर टोक वरून बाहेर येतं. फेव्हिकॉल फक्त मधल्या दीड इंचात. बाजूचे स्क्रू घट्ट बसले की पाव फेरा सैल करा. पट्ट्या फळीच्या टोकांपासून अडीच इंच आत असाव्यात.

पाट डुगडुगत असेल तर सपाट कडाप्प्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर पाट घासा. एकेक पाय अंदाजाने कापत बसलात तर पाट बुटका होत जाईल. वरची बाजू ८०, १२०, १८० या क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेने घासा. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, तेल लावताच उठून दिसतात.

जेवणाच्या पाटाला लाखेचं पॉलिश नको, गरम भांड्याने आणि पाण्याने पांढरे डाग पडतात. उकळलेलं जवसाचं तेल (दुकानात तयार मिळणारं ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’) आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन ३ पातळ हात द्या. दर वेळी १५ मिनिटांनी जास्तीचं पुसा, दोन हातांत एक दिवस जाऊ द्या. पट्ट्यांच्या कापलेल्या तोंडांना एक हात जादा, ओल्या फरशीचं पाणी तिथूनच चढतं. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर उलगडून वाळत घाला.