पिशवीवरच्या प्रोटीनच्या आकड्यावर जाऊ नका: माशांच्या खाद्यातल्या या चुका टाळा

मासे वाढत नाहीयेत म्हटलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर जास्त प्रोटीनचं खाद्य आणतात. २८ टक्केवालं चालू होतं तर ३२ चं आणायचं, त्यानेही नाही झालं तर अजून वरचं. खर्च वाढतो, पाणी गडद हिरवं होतं, पहाटे मासे वर येऊन तोंड मारायला लागतात आणि वाढ मात्र जिथल्या तिथे. माझं स्पष्ट मत आहे की खाद्याच्या निम्म्या भानगडी या एका आकड्यामुळे होतात.

मुळात तो आकडा येतो कुठून हे बघा. लॅबमध्ये खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, झालं क्रूड प्रोटीन. आता तो नायट्रोजन चांगल्या पेंडीतला आहे, न पचणाऱ्या कशातला आहे, की कुणी युरिया मिसळलाय, हे त्या आकड्यात दिसतच नाही. माशाला प्रोटीन असं सरसकट लागत नाही, त्याला लागतात अमिनो ॲसिड, त्यातली १० तर खाद्यातूनच मिळावी लागतात, आणि एक जरी कमी पडलं तरी बाकीच्या नऊंचा अंगाला लागण्यासाठी पूर्ण उपयोग होत नाही. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्पला प्रोटीनच्या साधारण ५.७ टक्के लायसिन (त्या दहातलं एक अमिनो ॲसिड) लागतं, शेंगदाणा पेंडीत ते साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतं. म्हणजे नुसती शेंगदाणा पेंड आणि कोंडा घालून कागदावर ३० टक्के प्रोटीन आणलं तरी माशाला ते ३० नाहीच. सोयाबीन पेंडीत लायसिन बरं असतं पण मेथिओनिन, हे त्या दहातलं दुसरं, कमी. म्हणून दोन-तीन पेंडी मिसळायच्या, थोडं फिशमील (सुक्या मासळीची भुकटी) परवडत असेल तर घालायचं, एकाच पेंडीवर सगळं खाद्य उभं करायचं नाही.

जास्तीचं जे प्रोटीन अंगाला लागत नाही ते मासा एनर्जीसाठी जाळतो आणि त्यातला नायट्रोजन कल्ल्यातून अमोनिया होऊन पाण्यात येतो. ३० टक्के प्रोटीनच्या एक किलो खाद्यात ४८ ग्रॅम नायट्रोजन असतो, त्यातला ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश माशाच्या अंगात राहतो, बाकी सगळा तलावात. एनर्जीचं काम स्वस्त पिठूळ पदार्थ आणि तेलाने होत असेल तर महाग प्रोटीन जाळायला का लावायचं? रोहू, कटला, तिलापिया यांना पिष्टमय पदार्थ बऱ्यापैकी पचतात, जिताड्यासारख्या मांसाहारी माशाला नाही पचत, त्यामुळे एकाचा फॉर्म्युला दुसऱ्याला लावू नका.

घरी खाद्य बनवणाऱ्यांचा हिशोब कुठे चुकतो?

समजा सोयाबीन पेंड ४५ टक्के प्रोटीनची, तेल काढलेला कोंडा १५ टक्के, आणि आपल्याला हवंय २८. चौकोनाच्या पद्धतीने, म्हणजे एकाचा २८ पासूनचा फरक तो दुसऱ्याचे भाग धरून, पेंड १३ भाग (२८ वजा १५) आणि कोंडा १७ भाग (४५ वजा २८), म्हणजे १०० किलोत पेंड ४३.३ आणि कोंडा ५६.७ किलो. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. मग लक्षात येतं की मिनरल, व्हिटॅमिन, तेल यांना जागाच नाही, मग ते वरून टाकतात आणि प्रोटीन आपोआप खाली येतं. आधीच ३ किलो जागा सोडा, उरलेल्या ९७ किलोतच २८ किलो प्रोटीन बसवा, म्हणजे पेंड ४४.८ आणि कोंडा ५२.२ किलो येईल. आणि पेंडीचा आकडा पुस्तकातला घेऊ नका, लॉट बदलला की प्रोटीन बदलतं, टेस्ट करून घ्या. व्हिटॅमिन प्रीमिक्स थेट शंभर किलोत भुरभुरायचं नाही, आधी एक-दोन किलो बारीक कोंड्यात नीट मिसळून मग मोठ्या ढिगात घालायचं, नाहीतर एका पेलेटमध्ये (खाद्याच्या गोळीत) भरपूर आणि दहा पेलेटमध्ये काहीच नाही असं होतं.

कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रोटीनचं पचनच अडवतो. भाजल्यावर तो जातो, पण करपेपर्यंत भाजलं तर लायसिन खराब होतं, त्यामुळे दोन्हीकडून सांभाळायचं. सरकी पेंडीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो, ती थोडीच ठेवा. बारीक मासळी कच्चीच खायला घालत असाल तर काही जातींमध्ये थायमिनेज असतं जे व्हिटॅमिन बी-१ मोडून टाकतं, शिजवून घातली की हा प्रश्न मिटतो.

मिनरलमध्ये एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. कार्प कुळातल्या माशांना, म्हणजे रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस यांना आपल्यासारखं आम्ल तयार करणारं जठर नसतं. त्यामुळे डीसीपीतला (डायकॅल्शियम फॉस्फेट) फॉस्फरस त्यांना निम्म्याच्या आसपासच मिळतो, एमसीपीतला (मोनोकॅल्शियम फॉस्फेट) मात्र ९० टक्क्यांच्या वर. पेंडी-कोंड्यातला बराचसा फॉस्फरस तर फायटेट या संयुगात अडकलेला असतो, तो पचतच नाही. मग जनावरांचं मिनरल मिक्श्चर टाकून झालं असं वाटतं आणि मासे तरी बारीक, डोक्याची-पाठीची हाडं वेडीवाकडी. पाठ वाकलेली दिसली तर दुसरा संशय व्हिटॅमिन सी चा घ्या, ते बहुतेक माशांना स्वतः बनवता येत नाही आणि साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड पेलेट बनवतानाच्या उष्णतेत आणि नंतर साठवणीत उडून जातं. फॉस्फेट स्वरूपातलं टिकतं, तेच मागा.

साठवणीबद्दल थोडक्यात. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा, खाद्यातला ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत, जुनं पोतं आधी संपवायचं. तेल न काढलेला भाताचा कोंडा तर लवकर खवट होतो, मूठभर हातात घेऊन वास घ्या, जुन्या तेलासारखा वास आला तर वापरू नका. बुरशी आलेली पेंड उन्हात वाळवून किंवा भाजून वापरणारे बरेच आहेत, कृपा करून असं करू नका, बुरशी मरते पण तिने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष त्या उष्णतेने जात नाही आणि ते सरळ माशाच्या लिव्हरवर जातं.

आता सगळ्यात जास्त पैसा जिथे वाया जातो ते. खाद्य चांगलं, पण किती घालायचं याचा हिशोब सोडलेल्या बोटुकल्यांच्या (बोटभर पिल्लांच्या) आकड्यावर. २००० सोडले, सरासरी १०० ग्रॅम झाले, म्हणजे २०० किलो, वजनाच्या ३ टक्क्यांनी रोज ६ किलो खाद्य. पण मधे १५ टक्के मेले असतील तर तलावात १७० किलोच आहेत आणि लागतंय ५.१ किलो. रोजचं ९०० ग्रॅम तळाला कुजतंय, आणि ते कुजताना ऑक्सिजन खातंय. दर १५ दिवसांनी जाळं मारून वजन घ्या, मेलेल्यांची नोंद ठेवा, टक्केवारी मासा वाढेल तशी कमी करत आणा, अर्धा किलोच्या माशाला ३ टक्के लागत नाहीत. चेक ट्रे, म्हणजे खाद्य ठेवून पाण्यात सोडायचं ताट, लावा, दोन तासांनी वर काढून बघा, खाद्य उरलं असेल तर पुढच्या वेळी कमी. (पावसाळी ढगाळ दिवशी तर कमी कराच.)

आणि सकाळी लवकर घालण्याची घाई नको. पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, अशा वेळी मासा खातो कमी आणि खाल्लेलं पचवायलाही त्याला ऑक्सिजनच लागतो. ऊन वर आल्यावर, ऑक्सिजन ४-५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेल्यावरच घाला. थंडीत पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कार्पची भूक मंदावते, तेव्हा उन्हाळ्याचा डोस चालू ठेवला तर ते खाद्य म्हणजे नुसतं खत.

एफसीआर, म्हणजे एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागलं, हे काढतानाही गडबड होते. एकूण खाद्य भागिले एकूण विकलेली मासळी असं नाही, त्यातून सोडताना असलेलं वजन वजा करायचं. १२०० किलो खाद्य, ८०० किलो मासळी निघाली आणि सोडली तेव्हा १०० किलो होती तर एफसीआर १.७१, दीड नाही.

आता गाडी कुठे अडलीये ते शोधायचं असेल तर असं बघा. मासे खाद्यावर येतच नाहीत तर खाद्याला नावं ठेवायच्या आधी ऑक्सिजन आणि अमोनिया मोजा. येतात, तोंडात घेतात आणि थुंकतात, तर पेलेट तोंडाच्या मानाने मोठी आहे किंवा खवट आहे. कटला वाढतोय पण मृगळ मागे, तर सगळं खाद्य तरंगतं आहे, मृगळ तळाशी खाणारा, थोडं बुडणारं द्या. खातात भरपूर पण वाढ नाही, तर ग्लासात तलावाचं पाणी घेऊन दहा पेलेट टाका, दहा-पंधरा मिनिटांत विरघळून गढूळ झालं तर दळण जाड आहे किंवा पीठ नीट शिजलेलं नाही, माशाच्या पोटात जायच्या आधीच खाद्य पाण्यात जातंय. पेलेट टिकली तर मग अमिनो ॲसिड आणि फॉस्फरसकडे वळा. आणि खाद्य बदलायचं ठरलंच तर एकदम बदलू नका, आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्या, नाहीतर मधले चार दिवस मासे खाणं सोडतात आणि तुम्ही चांगल्या खाद्याला वाईट म्हणून मोकळे होता.