करारातलं ‘करणार नाही’ नीट कसं वाचावं

करारात ‘निषिद्ध कृती’ असं कलम दिसलं की आधी पाहा, ही मनाई मुळात कायद्याची आहे की फक्त करारातली? भाषा दोन्हीकडे सारखीच कडक असते. पण कायद्याची मनाई दोघांनी आपसात ठरवून उठवता येत नाही आणि ती मोडली तर दंड किंवा शिक्षा होऊ शकते. करारातली मनाई सहसा सही करणाऱ्यांपुरतीच असते. ती मोडणं म्हणजे करारभंग. त्यातून नुकसानभरपाई, करार रद्द होणं किंवा कोर्टाचा मनाई हुकूम येऊ शकतो, पण तेवढ्यावरून तो गुन्हा ठरत नाही.

मग क्रियापदावर बोट ठेवा, कारण खरी मेख तिथे असते. ‘भाडेकरू जागेत फेरबदल करणार नाही’ यात भाडेकरूने स्वतः काही करायचं नाही. ‘करणार नाही व करवून घेणार नाही’ म्हटलं की त्याने बोलावलेला सुतारही त्यात आला. ‘होऊ देणार नाही’ हे सर्वांत जड. इथे पाहुण्याने भिंत फोडली तरी जाब भाडेकरूलाच द्यावा लागू शकतो, कारण रोखण्याची जबाबदारी त्याने पत्करली आहे. सही करण्यापूर्वी हे शब्द ‘जाणूनबुजून होऊ देणार नाही’ असे बदलून मागा. एका शब्दाने ओझं बरंच हलकं होतं.

यादी असेल तर तिचं शेपूट वाचा. ‘मोटारी, ट्रक, दुचाकी व इतर वाहने’ यातल्या ‘इतर’चा अर्थ कोर्ट सहसा आधीच्या शब्दांच्या जातीचाच लावतं, होडी त्यात ओढून बसवणं अवघड. मात्र ‘यांसह, परंतु यांपुरते मर्यादित नाही’ असं लिहिलं असेल तर हा बचाव लंगडा पडतो.

‘लेखी पूर्वसंमतीशिवाय’ या शब्दांवर सर्वाधिक लोक अडखळतात. फोनवरचा होकार लेखी नसतो आणि काम झाल्यावर मिळालेलं पत्र पूर्वसंमती नसते. संमती कोण देणार, ईमेल चालेल का, किती दिवसांत उत्तर यायला हवं आणि उत्तर आलंच नाही तर काय, हे सगळं कलमातच लिहून घ्या.

कराराचा हेतूच बेकायदा असेल तर तो सहसा रद्दबातल ठरतो आणि कोर्ट वसुलीला मदत करत नाही. पण नुसतं माहीत असणं म्हणजे सामील असणं नव्हे. 1775 सालच्या होल्मन विरुद्ध जॉन्सन या इंग्लंडमधल्या खटल्यात विक्रेत्याने फ्रान्समधल्या डंकर्क इथे चहा विकला होता. खरेदीदार तो चोरून इंग्लंडमध्ये नेणार हे त्याला ठाऊक होतं, पण त्या तस्करीत त्याचा हात नव्हता. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी विक्रेत्याला चहाची किंमत मिळू दिली. त्याने स्वतः माल लपवून बांधून दिला असता तर गोष्ट वेगळी होती.

शेवटी मुदती तपासा. मनाई करार संपल्यावरही चालू राहते का, किती काळ? भंग झाल्यावर चूक सुधारायला दिवस मिळतात का? आणि ते दिवस नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून मोजायचे की मिळाल्याच्या? हे स्पष्ट नसेल तर ‘मिळाल्याच्या तारखेपासून’ हे शब्द घालून घ्या आणि नोटिसा कोणत्या पत्त्यावर यायच्या तेही लिहा.