भाड्याच्या प्रस्तावावर आधी तारीख लिहावी
इंग्लंड-वेल्समध्ये बिअर पबच्या मालक कंपनीकडूनच घेण्याच्या अटीवर, म्हणजे ‘टाइड’ करारावर, पब चालवणाऱ्यांना, कंपनीकडे असे किमान 500 पब असल्यास, 2016 पासून ‘पब्स कोड’ या कायदेशीर नियमावलीचे संरक्षण आहे. भाड्याच्या फेरआढाव्याच्या प्रस्तावाचे पाकीट हाती पडताच त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी. कारण बिअरचे बंधन सोडून केवळ बाजारभावाने भाडे देण्याचा पर्याय मागणारी नोटीस 21 दिवसांत कंपनीला पोहोचवावी लागते, आणि मुदत हुकली की ती संधी हातची जाते. भाडे किंवा दुरुस्तीविषयी कंपनीच्या प्रतिनिधीशी झालेल्या चर्चेचे टिपण 14 दिवसांत मागून घ्यावे. ते न वाचता फायलीत ठेवणे ही फार महागात पडणारी सवय आहे. न पटलेला मजकूर 7 दिवसांत लेखी कळवावा.